दहा वर्षांचा करार

मुळशी तालुक्यांतील माण हें गांव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. जेथें एके काळीं शेतें होतीं, तेथें आज हिंजवडीच्या संगणक-उद्योगाचा तिसरा टप्पा पसरला आहे. त्या उंच इमारतींतून काम करणाऱ्या कित्येक तरुणांच्या पगारांतून दरमहा शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जातो. शिक्षण संपल्यावर सुमारें एक वर्षाची सवलत, नंतर पंधरा वर्षांपर्यंत फेड, आणि सहकर्जदार म्हणून आईबापांची सही, असा बँकांच्या योजनेचा सामान्य सांचा आहे. बाळंतपणानें, आजारानें किंवा मालकानें कमी केल्यानें नोकरी सुटली, म्हणजे पगार थांबतो; हप्ता थांबत नाहीं. हा पेंच आजचा नव्हे. त्याची एक जुनी हकीकत मी आज सांगणार आहें.

४ जून १९१३ रोजीं भीमराव रामजी आंबेडकर ह्या बावीस वर्षांच्या पदवीधरानें बडोदें सरकारशीं करार केला. महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या सरकारनें तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड द्यावे, व अमेरिकेंतील शिक्षण संपवून आंबेडकरांनीं दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असें ठरलें. सेवा हीच परतफेड. ज्याच्या घरीं तारण ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें, त्यानें आपल्या आयुष्याचीं दहा वर्षें तारण ठेविलीं, असें म्हटलें तरी चालेल. महाराजांचें औदार्य मोठें होतें, ह्यांत शंका नाहीं. त्यावांचून कोलंबिया विद्यापीठाचें दार उघडलें नसतें.

१९१७ च्या ऑगस्टमध्यें आंबेडकर लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. करार पाळावयाचा म्हणून ते सप्टेंबरांत बडोद्यास गेले. महालेखापालांच्या कचेरींत त्यांना उमेदवारीस बसविण्यांत आलें. परंतु राहावयाचें कोठें? हिंदु खाणावळींत अस्पृश्याला थारा नव्हता. अखेर एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव नोंदवून, दीड रुपया रोजानें, अडगळीच्या सामानानें भरलेल्या काळोख्या माडीवर ते राहिले. अकराव्या दिवशीं सकाळीं ते कचेरीस निघणार, तोंच काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाहीं. संध्याकाळच्या आंत जागा सोडा, एवढेंच उत्तर. दोन मित्रांकडे विचारून पाहिलें; एक हिंदु, दुसरा ख्रिस्ती. दोघांनींही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्रीं नऊला होती. मधले पांच तास त्या विद्वानानें सार्वजनिक बागेंत बसून काढले.

अशा रीतीनें दहा वर्षांची सेवा दहा-बारा दिवसांत आटोपली. आणि करार? तो कागदावर तसाच राहिला. पुढें संस्थानकडून शिक्षणावर खर्च झालेल्या रकमेची मागणी झाली. हिशेबनिसाच्या दृष्टीनें ती चूक म्हणतां येणार नाहीं. पैसे प्रजेच्या खजिन्यांतले होते. परंतु करार दोन पक्षांचा असतो. सेवा करण्यास माणूस हजर होता. ज्या शहरांत ती करावयाची, त्या शहरांत त्याला रात्रीं अंग टाकण्यास जागा मिळेना. हें देणें खतावणीच्या कोणत्या बाजूस मांडावयाचें? नोकरी सोडणें आणि नोकरी सोडावी लागणें, हे शब्द कारकुनाला सारखे वाटतात. मला वाटत नाहींत. आजची बँक निदान सेवा मागत नाहीं, आणि बेकारी आल्यावर वेळींच अर्ज केल्यास मुदत वाढवून देण्याची सोयही तिच्या योजनेंत आहे. पण नोकरी कां गेली, ह्या प्रश्नाला रकाना तिच्या वहींतही तोकडाच आहे. मुलीची नोकरी सुटली, तर तगादा निवृत्त बापाच्या दारीं येतो.

बडोद्याहून परतल्यावर आंबेडकरांनीं शिकवण्या केल्या, हिशेबाच्या सल्ल्याचा धंदा करून पाहिला. गिऱ्हाइकाला जात कळतांच तोही बसला. नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडेनहॅम कॉलेजांत त्यांना साडेचारशें रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. राहणी त्यांनीं चाळींतलीच ठेविली आणि पैसा साठविला. १९२० मध्यें ते अर्धवट राहिलेल्या अभ्यासासाठीं पुन्हां लंडनला निघाले, तेव्हां जवळ स्वतःची शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं दिलेले दीड हजार होते, आणि नवल भथेना ह्या मित्राकडून कर्जाऊ घेतलेले पांच हजार रुपये होते. हा मित्र पारशी होता.