पालीचा वर्ग: फर्ग्युसन ते विद्यापीठ

महाळुंगे पडवळ म्हटलं की बाबू गेनू हे नाव आपोआप तोंडी येतं. आंबेगाव तालुक्यातल्या या गावचा पोरगा मुंबईला गिरणीत गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला. डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्याचंच नाव दिलेलं आहे. हे सगळं आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते शेजारचं. इथून जुन्नरकडे निघालं की तुळजा लेणी, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री अशा डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे सापडणं कठीण. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) ठेव ठेवून तिच्या व्याजावर संघाचा खर्च चालावा, अशी व्यवस्थाही इथल्या लेखांत आहे. एकानं तर करंजाची झाडं लावण्यासाठी शेत दिलं.

आणि तरीही ज्या धर्मासाठी हा सगळा खटाटोप झाला त्याचे ग्रंथ वाचायला शिकवणारा कॉलेजचा वर्ग पुणे जिल्ह्यात १९१२ सालापर्यंत नव्हता. (लेखांची भाषा प्राकृत, ग्रंथांची पाली, बहिणी म्हणाव्यात इतकी जवळीक.) तो वर्ग फर्ग्युसन कॉलेजात सुरू झाला. त्याची वाटचाल लिहायची तर ती एका माणसापासूनच सुरू करावी लागते.

धर्मानंद दामोदर कोसंबी १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ इथं जन्मले. नारळाच्या बागा सांभाळणारं घर, धड शाळा झालेली नाही. मराठी पुस्तकं आणि मासिकं वाचता वाचता बुद्धाच्या चरित्रानं त्यांना पकडलं, आणि १८९९ च्या अखेरीस बायको व तान्ही मुलगी घरी ठेवून ते बाहेर पडले. पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग नेपाळ, बुद्धगया. बौद्ध धर्माच्या जन्मभूमीत तो शिकवणारं कोणी नाही हे कळल्यावर सिलोन. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी दीक्षा घेतली. तिथून ब्रह्मदेश. घर सोडून गेलेल्याचं कौतुक करायची आपल्याकडे सवय आहे. मागं राहिलेल्या बाळाबाईंचे हाल मात्र त्या कौतुकात दिसत नाहीत, एवढं नोंदवून पुढे जातो.

चीवर उतरवून ते परत आले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तिथं पगार चांगला होता, पुढे वाढणार होता. पण आपण शिकलो ते मराठी माणसाच्या हाती द्यायचं, हा ध्यास सुटेना. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं एवढ्या अटीवर महिना पन्नास रुपये देऊ केले. कोसंबींनी ते घेतले. या लेखातला सगळ्यात मोठा आकडा मला हाच वाटतो. पुढची चाळीस वर्षं मराठीत पालीचं जे काही झालं, त्याचं बी त्या पन्नास रुपयांत आहे.

मधे अमेरिका आली. हार्वर्डचे जेम्स वुड्स यांनी त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या ग्रंथाच्या संपादनासाठी नेलं. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेलं हे काम त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट पडलं होतं. ब्रह्मी आणि सिंहली लिपींतली हस्तलिखितं शेजारी ठेवून पाठ ठरवत जाण्याचं ते काम, चिकाटीचं. पण श्रेय कोणाच्या नावावर यावरून लॅनमन या बड्या प्राध्यापकांशी बिनसलं आणि कोसंबी १९१२ साली परतले. तोवर भांडारकरांच्या खटपटीनं मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली होती. विषय आला होता, शिकवणारा हवा होता. रँग्लर परांजपे तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य. वर्ग सुरू झाला.

पहिली अडचण पुस्तकांची होती. पाली ग्रंथ सिंहली लिपीत छापलेले, नाहीतर ब्रह्मी, नाहीतर सयामी, नाहीतर लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीचे रोमन अक्षरांतले आणि महागडे. देवनागरीत जवळपास काहीच नाही. म्हणजे विद्यार्थ्याला आधी लिपी, मग भाषा, मग अर्थ. त्यामुळे या वर्गातून जे बाहेर पडले त्यांनी पुढे काय केलं हे पाहिलं तर पहिली ओळ बहुधा एकच दिसते: देवनागरीत ग्रंथ छापले. पु. वि. बापटांनी १९२४ साली ‘सुत्तनिपात’ काढला. एन. के. भागवत मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवत होते. त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत एकामागून एक ग्रंथ संपादित केले. चिं. वै. राजवाड्यांनी ‘दीघनिकाय’ मराठीत आणायला घेतला, तोही बडोद्याच्याच आश्रयानं. चौथे चिं. वि. जोशी. चिमणरावांचे जनक हे पालीचे प्राध्यापक होते, हे सांगितलं की अजूनही माणसं दचकतात. त्यांचं ‘मॅन्युअल ऑफ पाली’ १९१६ सालचं. बडोद्याला त्यांनी उभी हयात पाली शिकवली. गुंड्याभाऊच्या शेजारच्या कप्प्यात जातककथा होत्या, आणि माझ्या मते त्या सोशिक, मिस्कील नजरेचा थोडा उगम तिथंही असावा.

कोसंबी या वर्गावर फार काळ नव्हते. १९१८ साली ते पुन्हा हार्वर्डला गेले, या खेपेला मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी झाला, जुन्नरच्या मानमोडीपर्यंत पायी हिंडून इथल्या देवस्थानांबद्दल आणि लेण्यांबद्दल त्यानं लिहिलं. म्हणजे बापाचा वर्ग पुण्यात, आणि मुलाची पायपीट आमच्या डोंगरांत.

सहा वर्षं शिकवून मास्तर गेल्यावर वर्ग मोडला असता तर नवल नव्हतं. तो टिकला तो बापटांमुळे. बापट फर्ग्युसनमध्येच शिकवायला राहिले. नंतर गुरूच्याच वाटेनं हार्वर्डला जाऊन त्यांनी १९३२ साली डॉक्टरेट घेतली. विषयही गुरूच्या विषयाला लागून: ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ मूळ पालीत हरवलेला, चिनी अनुवादात उरलेला. त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करायची म्हणून हा माणूस चिनी शिकला, तिबेटीही शिकला. ते पुस्तक १९३७ साली पुण्यात छापलं गेलं. र. द. वाडेकरांसोबत त्यांनी ‘धम्मसंगणि’ आणि तिची अट्ठकथा देवनागरीत आणली; वाडेकरांनी स्वतंत्रपणे ‘मिलिंदपञ्हो’ काढला. या काळात ना स्वतंत्र इमारत होती, ना मोठा निधी. होतं ते दोन-चार प्राध्यापक आणि जेमतेम विद्यार्थी.

कोसंबींना मात्र ही चौकट अपुरी वाटत असावी. १९३० साली ते मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला गेले, मुंबईत गिरणी कामगारांमध्ये हिंडले, तुरुंगात गेले. त्याच वर्षी, त्याच गिरणगावातल्या महाळुंग्याच्या तरुणानं जीव दिला. दोघांची गाठ पडली असं म्हणायला मला काही आधार नाही. पण जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावरून पोट भरायला गेलेली जी माणसं परळ-लालबागच्या चाळींत राहत होती, त्यांच्यातच हार्वर्डहून आलेला पालीपंडित बसत होता. पुढे १९३७ साली जुगलकिशोर बिर्लांच्या देणगीतून परळला ‘बहुजन विहार’ उभा राहिला तो या भागातच. कोसंबी तिथं राहिले, शिकवू लागले, आणि दोन-तीन वर्षांत बाहेर पडले. कॉलेजातला वर्ग इमारतीशिवाय टिकला, आणि इमारत बांधलेला हा प्रयोग त्यांच्यापुरता फार चालला नाही. माझं मत असं की विहाराला माणसं हवी होती, आणि ती माणसं अजून यायची होती.

१९४० साली त्यांचा देवनागरी ‘विसुद्धिमग्ग’ भारतीय विद्या भवनाने छापला, त्याच सुमारास ‘भगवान बुद्ध’ हे मराठी पुस्तक आलं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला, अन्न सोडून, त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली. ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

१९५६ हे या वर्गाच्या इतिहासातलं खरं वळण, आणि ते वर्गाबाहेर घडलं. त्या वर्षी केंद्र सरकारनं बापटांच्या संपादनाखाली बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा ग्रंथ काढला; पुढच्या वर्षी दिल्ली विद्यापीठात बौद्ध अभ्यासाचा विभाग सुरू झाला तेव्हा पहिले प्रमुख तेच. पण १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म स्वीकारला तेव्हा पालीचा वाचकच बदलला. तोवर या बाकांवर बसलेले जवळजवळ सगळे संस्कृत घरून घेऊन आलेले ब्राह्मण होते. त्यांनी काम चोख केलं, त्यात वाद नाही. पण ग्रंथ त्यांच्या घरात अभ्यासाचा विषय होता. आता जे येऊ लागले त्यांच्या घरी रोज त्रिशरण-पंचशील म्हटलं जात होतं. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश आणि व्याकरण रचायला घेतलं होतं. ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहे. महाराष्ट्रात दहावीला आणि कॉलेजात पाली घेणारी मुलं यानंतरच्या पिढ्यांतली.

पुणे विद्यापीठात पाली बराच काळ संस्कृत-प्राकृतच्या पंखाखाली होती. पालीचा स्वतंत्र विभाग झाला तो या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे फर्ग्युसनच्या वर्गानंतर नव्वदेक वर्षांनी. तिथं पदवीधर येतात, नोकरी सांभाळून प्रमाणपत्राचा अभ्यास करणारे येतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. मराठीचे पेढे वाटले गेले. उरलेल्या दोघींची आठवण फारशी कुणी काढली नाही.

एक काम अजून व्हायचं आहे, आणि ते पुण्यात होण्यासारखं नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला माणसं तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतात. देऊळ आहे तो मूळचा विहार. भिक्षूंच्या खोल्या सभामंडपाच्या भिंतींतून अजून दिसतात. शेजारच्या चैत्यगृहावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे: हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत्त यानं दिलं. दर्शनाची रांग त्या ओळीजवळून पुढे सरकते. विद्यापीठात शिकलेल्या जुन्नर-आंबेगावच्या चार मुलांनी सुट्टीच्या दिवशी तिथं उभं राहून ती वाचून दाखवावी, म्हणजे पालीचा वर्ग शिवनेरीच्या पायथ्याला आला असं म्हणता येईल. त्याला पन्नास रुपयेही लागणार नाहीत.