परगावचे माणूस, घरचे गहाण

मराठीत 'पत' हा शब्द जितका लहान तितकाच भरगच्च आहे. पत म्हणजे अब्रू, पत म्हणजे विश्वास, आणि पत म्हणजे बाजारात उधार मिळण्याची लायकी. या तिन्ही अर्थांना एकच शब्द पुरावा, यात आमच्या समाजाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा दडलेला आहे. कर्ज देणारा आणि घेणारा एकाच वेशीच्या आत राहत होते, तोवर माणसाची ओळख हेच त्याचे पहिले तारण होते. सावकार 'किती?' हे नंतर विचारी, आधी 'कोणाचा?' हे विचारी. मग जो वेशीबाहेरून आला, त्याची पत कोणी सांगायची?

आज हा प्रश्न निराळ्या वेषात पुढे येतो. नवराबायको मिळून घर घ्यायला निघतात. एकाचे नाव, नोकरी, जुनी कर्जे, फेडलेले हप्ते सगळे नोंदलेले असते. दुसरे माणूस परमुलखातून आलेले असते आणि त्याच्या नावापुढे कोरी जागा असते. ही अडचण परदेशी गेलेल्या किंवा परदेशातून आलेल्या मंडळींचीच, असे सहसा समजले जाते. आम्हाला वाटते, ती फार जुनी आहे आणि अगदी घरातली आहे.

त्यासाठी न्यूयॉर्क-लंडनला जाण्याचे कारण नाही, पनवेल-रोहा मार्गावरच्या हमरापूरला उतरले तरी पुरे. पेण तालुक्यातील हे गाव शेजारच्या जोह्याप्रमाणे गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाते. घरात, अंगणात, मांडवाखाली कारखाने आहेत. साचे, माती, प्लास्टर, रंग यांतच वर्ष सरते. या धंद्याचे अर्थशास्त्र शेतीसारखेच आहे: खर्च वर्षभर आणि पैसा एकदाच, भाद्रपदाच्या तोंडावर. अशा धंद्याला कर्ज हा अपघात नसतो, तो ऋतुचक्राचाच भाग असतो. आणि कर्ज म्हटले की तारण आले, तारण म्हटले की घर आले.

आता या घरात परका कोण? भारताची जनगणना ज्याला स्थलांतरित म्हणते त्याची व्याख्या पाहण्यासारखी आहे. पूर्वीचे राहण्याचे ठिकाण आजच्या ठिकाणाहून वेगळे असेल तो स्थलांतरित. २०११च्या जनगणनेत असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले, आणि त्यांतील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. म्हणजे वाशीहून, वडखळहून किंवा पार अलिबागहून हमरापूरला नांदायला आलेली सून सरकारच्या भाषेत स्थलांतरितच आहे. ज्या विवाहात एक जोडीदार बाहेरून आलेला आणि कागदोपत्री पत नसलेला असतो, तो विवाह आमच्याकडे अपवाद नाही. तो नियम आहे.

या कागदांचा इतिहास थोडा उलगडून पाहू. 'गहाण' हा शब्द 'ग्रहणा'च्या कुळातला. चंद्राला लागते ते आणि जमिनीला लागते ते, दोन्ही एकाच मुळाची. जुन्या व्यवहारात त्याच्या जाती होत्या. जमीन कुळाच्याच ताब्यात राहून नुसता बोजा चढे ते नजरगहाण. जमीन सावकाराच्या ताब्यात जाऊन तिचे उत्पन्न व्याजापोटी तो खाई ते ताबेगहाण. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा दामदुपटीचा जुना दंडकही होता, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदूंच्या बाबतीत मान्य केला होता. १८७५च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, कारण कागद हेच आता सत्तेचे रूप झाले होते. १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा त्यातून निघाला, तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. १८६९मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेला कुलाबा त्यात नव्हता. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३चा. सावकार आणि कचेरी यांच्यामध्ये सापडलेला अक्षरशून्य माणूस हा त्याचा एक मुख्य विषय आहे.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाच्या या जाती इंग्रजी चौकटीत बसवल्या. शंभर रुपये वा अधिक रकमेचे साधे गहाण नोंदवलेच पाहिजे असे ठरले. मालकीचे कागद सावकाराकडे नुसते ठेवून होणारे गहाण मात्र कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि सरकार जाहीर करील अशी शहरे यांपुरतेच राहिले. शहरातल्या व्यापाऱ्याच्या शब्दाला आणि कागदाला जी सवलत मिळाली ती खेड्याला आपोआप मिळाली नाही. पत ही भूगोलानेही ठरते, हे त्या कायद्याने नकळत लिहून ठेवले.

या साऱ्या कागदांत सून कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा मुळात हिंदू स्त्रियांसाठी नव्हताच. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क दिला, पण शेतजमिनीला तो लागू होत नाही असे १९४१मध्ये फेडरल कोर्टाने ठरवले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पूर्ण मालकी दिली, पण ती वारसाने, म्हणजे बहुधा वैधव्याने. नवरा जिवंत असताना सुनेचे नाव घराच्या कागदावर यावे, अशी तजवीज कायद्याने केली नाही. ती चळवळीला करावी लागली. १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, आणि त्यानंतरच्या वर्षांत शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला: शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. २००३मध्ये राज्य सरकारने 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत पतीपत्नी दोघांची नावे लावण्याचा निर्णय केला. नावापुरता का होईना, परगावाहून आलेल्या माणसाला घराच्या कागदावर पाय ठेवायला जागा मिळाली.

परंतु इथे थांबले तर इतिहासाची अर्धीच बाजू सांगितल्यासारखे होईल. कागदावर पत नसलेली ही सून घराची पहिली सावकारीण होती. धर्मशास्त्राने स्त्रीधन तिचे मानले, आणि त्याच श्वासात अपवादही सांगितले. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याची त्याच्यावर सक्ती नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. म्हणजे संकटकाळचे बिनव्याजी, बिनमुदती आणि बिनकागदी कर्ज. पावसाळ्यापूर्वी माती-रंगाला पैसे कमी पडले की पाटल्या पेढीवर जातात, हे दृश्य या पट्ट्यातच काय, महाराष्ट्रात कोणालाही नवे नाही. सोने तिचे, पावती त्याच्या नावावर, आणि वेळेवर सोडवून आणले तर पत वाढते ती त्याची. दोघांनी मिळून फेडलेल्या कर्जाचा इतिहास एकाच्याच खात्यावर जमा होतो. दुसऱ्याची पत 'नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा ती बहुधा नसते असे नाही. ती लिहिलेली नसते.

पत लिहिण्याची यंत्रणाही तशी अलीकडची. सहकारी पतपेढ्यांत ती संचालकांच्या ओळखीत असे, आणि ओळखीची ती पत किती ठिसूळ असते हे पेण तालुक्याने फार महाग किमतीत पाहिले. २०१०च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले तेव्हा हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. पत फक्त कर्जदाराची तपासायची असते, या समजुतीला तो मोठा धक्का होता. दुसरीकडे, २००० साली सिबिल स्थापन झाली आणि २००५मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आता 'कोणाचा?' हा प्रश्न आकड्यात उतरला. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला आकडा मिळत नाही, वजा एक असे चिन्ह मिळते. कर्ज न काढणे हा आमच्या आजीच्या पिढीचा सद्गुण इथे पोकळी ठरतो. केवळ पूर्वइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, हे २०२५मध्ये अर्थमंत्रालयाला लोकसभेत सांगावे लागले, यातच काय ते आले.

आणि सून खरोखरच सरहद्दीपलीकडून आली असेल तर? समजा, हमरापूरच्या कोणा कारागिराने नेपाळी नागरिक असलेल्या मुलीशी लग्न केले. १९५०च्या भारत-नेपाळ तहात निवास आणि मालमत्ता यांबाबत परस्परांच्या नागरिकांना समान सवलतींचे वचन आहे. ती इथे राहू शकते, काम करू शकते. परंतु परकीय चलनाच्या नियमांनुसार नेपाळसह काही ठरावीक देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर घेता येत नाही. फार तर पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. विवाहाच्या आधारे नागरिकत्व मागायचे तर त्याआधी सात वर्षांचा निवास हवा. तोवर घर एकट्या नवऱ्याच्या नावे होणार. बँकांच्या रिवाजात सहमालकाला सहकर्जदार व्हावेच लागते; सहकर्जदार मात्र सहमालक असलाच पाहिजे असे नाही. या एका वाक्यात सारा धोका आहे. तिच्या मिळकतीचा आधार घेऊन कर्जाची रक्कम वाढू शकते, हप्त्यांची जबाबदारी तिच्यावर येऊ शकते, आणि घर मात्र तिचे नसू शकते. याज्ञवल्क्याचा अपवाद नव्या छापील अर्जात परत येतो, फरक इतकाच की आता त्याखाली तिची सही असते.

म्हणून, आमच्या मते, अशा जोडप्याने बँकेच्या दारात जाण्याआधी दोन कागद निरनिराळे वाचावेत: एक देण्याचा आणि एक असण्याचा. कर्जरोख्यावर नाव असणे म्हणजे पत मिळणे नव्हे. मालकीच्या कागदावर नाव असणे म्हणजेही सारे मिळणे नव्हे. परंतु पहिल्यावर नाव असून दुसऱ्यावर नसणे, हे मात्र जुनेच गहाण आहे, आणि त्यात गहाण पडते ते घर नव्हे. बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या नावावर लहानसे का होईना एक खाते, एक ठेव, बचतगटातले एक फेडलेले कर्ज राखावे, यामागे हिशेबीपणापेक्षा मोठे कारण आहे. आपण इथे होतो, आपण इतके दिले, याची ती नोंद असते.

२०२०पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांना मालमत्तापत्रके मिळू लागली आहेत. सात-बारा नसलेली गावठाणातली घरे तारण ठेवता यावीत, हा तिचा एक उघड हेतू आहे. म्हणजे जी घरे शतकभर गहाणाच्या इंग्रजी चौकटीबाहेर राहिली, ती आता आत येत आहेत. हमरापूरसारख्या गावांच्या इतिहासात ही लहान घटना नाही. त्या पत्रकांवर एक नाव लागेल की दोन, हे ड्रोन ठरवणार नाही. ते घरात, चुलीशी, कदाचित रंगाचा हात सुकत असताना ठरेल. आणि पुढे कधी या पट्ट्याचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्याला तेवढीच नोंद सापडेल.