कोटणीसांचं नाव आणि माझी सुई



गेल्या महिन्यात काचीगुड्याला एका साठीशांतीच्या पंगतीत विषय निघाला. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "ॲक्युपंक्चर आपल्या डॉक्टर कोटणीसांनीच चीनहून आणलं ना?" मी मठ्ठ्याचा पेला हातात धरून नुसती हसले. कारण हेच वाक्य चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी अण्णांना ऐकवलं होतं, आणि त्या वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. ते वाक्य चूक आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट १९८१ ची. होमिओपॅथीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. वर्गातल्या एका बंगाली मैत्रिणीच्या आईची गुडघेदुखी कलकत्त्याला सुयांनी कमी झाली, आणि मला तेच शिकायचं वेड लागलं. आपलं हैदराबाद तसं सगळ्या पॅथींचं गाव. चारमिनारपाशी युनानीचा मोठा दवाखाना, गल्लीत वैद्य, कोपऱ्यावर होमिओपॅथ. आमच्या घरात कुणाला कशाचंच वावडं नव्हतं. पण 'चिनी' म्हटल्याबरोबर अण्णांचं कपाळ आक्रसलं. १९६२ ते विसरले नव्हते. "त्यांच्याकडून शिकायचं काय? नक्को," एवढंच बोलले आणि पेपर उघडला.

मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. अण्णा मूळचे सोलापूरचे. शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' १९४६ मध्ये आला तेव्हा त्यांनी तो तीनदा पाहिला होता. म्हटलं, "अण्णा, ही विद्या कोटणीसांनी शिकलेली आहे. तुमच्या गावचीच म्हणायची!" दुसऱ्या दिवशी सिकंदराबादहून हावड्याचं तिकीट निघालं.

खोटं बोलले असं नाही, मला तसंच वाटत होतं. कलकत्त्यात आमचे सर होते (नाव घालत नाही, त्यांना ते आवडलं नसतं). ते डॉ. बिजयकुमार बसूंच्या हाताखाली शिकलेले. मी मोठ्या अभिमानानं सोलापूरचं नातं सांगितलं. सर म्हणाले, "कोटणीस सर्जन होते. सुई त्यांची नव्हे."

आणि मग त्यांनी सगळा इतिहास सांगितला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष. पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं निघाले: पथकप्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे बसू नि मुखर्जी. तिघं आधी परतले. कोटणीस आणि बसू राहिले. कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकलचे. आघाडीवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, चिनी भाषेत शिकवलं, शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहायला घेतलं. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघं बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

येनानच्या रुग्णालयात आधुनिक डॉक्टर पारंपरिक सुईकडे वळले ते १९४४-४५ च्या सुमाराला. तोवर कोटणीस नव्हते. बसू १९४३ मध्ये मायदेशी आले, तेही सुई न शिकताच. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, त्यांचा सायनसचा जुना त्रास या उपचारानं गेला, तेव्हा त्यांनी ही विद्या शिकून घेतली आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुरू केली. पुढे कोटणीस स्मृती समितीच्या कामातून ती पसरवली. म्हणजे नाव गेलेल्या मित्राचं आणि मेहनत परत आलेल्याची. आपल्याकडे दोन्ही एकत्र झालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांची परवानगी चुकीच्या गोष्टीवर घेतली होती. शेवटी आंतर्देशीय पत्र घेतलं आणि सगळं खरं लिहून टाकलं. पंधरा दिवस उत्तर नाही. मी ट्रंक भरायच्या तयारीत होते. मग महिन्याची मनीऑर्डर आली. कुपनावर अण्णांचं बारीक अक्षर: "सर्जन तर सर्जन. अर्धवट शिकून येऊ नकोस."

शिकणं सोपं नव्हतं. पहिले काही आठवडे कागदाच्या गठ्ठ्यात सुई घालायची. मग स्वतःच्या पायात. गुडघ्याखाली चार बोटांवर 'त्सु-सान-ली' नावाचा बिंदू आहे. तिथं सुई नीट बसली की जडपणा येतो, झिणझिणी सरकते. अंतर मोजायचं ते रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीनं. आपल्या आयुर्वेदातही मोजमाप रोग्याच्याच अंगुळांनी होतं. हे ऐकून मी उत्साहानं म्हटलं, "म्हणजे हे मूळ आपलंच!" सर हसले, "पुन्हा तेच? आधी कोटणीस, आता चरक?" शेक द्यायची मोक्साची वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली निघाली, तेव्हा मात्र मी गप्प बसले.

परत येऊन बडी चावडीच्या घरात पुढच्या खोलीत एक पलंग टाकून सुरुवात केली. पहिला रोगी अण्णाच, कंबरदुखीचे. सुया तेव्हा पोलादी, पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरायच्या. आता एकदा वापरून टाकायच्या असतात, तेच बरं. सरांची शिस्त अजून पाळते: छातीत दुखतंय, अचानक वजन उतरलंय, हातपाय लुळे पडलेत, तर सुईला हात लावायचा नाही, आधी मोठा दवाखाना. जुनी पाठदुखी, गुडघे, डोकेदुखी यांत आराम पडतो, अभ्यासही तसं सांगतात. आणि खोटीखोटी सुई टोचूनही बऱ्याच जणांना बरं वाटतं, हेही तेच अभ्यास सांगतात. मी दोन्ही गोष्टी रोग्याला सांगते. काही उठून जातात. जाऊ देत.

अण्णा २००३ मध्ये गेले. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पुढे महाराष्ट्रानं त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. अण्णांना ते वाचून दाखवायला हवं होतं.

तर पंगतीतल्या त्या गृहस्थांनो, तुम्ही हे वाचत असाल तर त्या दिवशी हसले त्याबद्दल क्षमा असावी. उत्तर द्यायला हवं होतं. कोटणीसांचा अभिमान जरूर बाळगा. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केलं ते पुरेसं मोठं आहे, त्यात सुईची भर घालायला नको. आणि नातवंडांना सांगताना त्यांच्या शेजारी बसूंचंही नाव घ्या.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या पथकाच्या आठवणी, जुनी कात्रणं, फोटो असतील तर खाली जरूर लिहा. वाट बघते.