प्रवारणा : संघातील खुल्या संवादाची पद्धत
वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांना आपल्या चुका दाखवून देण्याची विनंती करतात. तिला प्रवारणा म्हणतात. तिचे मूळ विनयपिटकातील महावग्गात आहे. कोसल देशातील काही भिक्खूंनी भांडण नको म्हणून संपूर्ण वर्षावास मौन पाळले. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. असे राहणे पशूंसारखे आहे, असे सांगून त्यांनी प्रवारणेचा नियम घालून दिला.

माझ्याबद्दल पाहिलेले, ऐकलेले किंवा शंका आलेले काही असेल तर करुणेने सांगा, असे प्रत्येक भिक्खू तीनदा म्हणतो. सुरुवात ज्येष्ठ भिक्खू करतात. ज्येष्ठता जन्मावरून नव्हे, दीक्षेच्या क्रमावरून ठरते. आपला अभिमान गळावा म्हणून शाक्य राजपुत्रांनीच न्हावी उपालींना आधी दीक्षा देण्याची विनंती केली होती.

आपल्या विहारांत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. समारोपाच्या दिवशी गट, पक्ष, पोटजात विसरून सर्वांनी गोल बसावे. ‘माझे काय चुकले?’ हे पदाधिकाऱ्यांनी आधी विचारावे. न बोलल्याने मतभेद मिटत नाहीत, साचत जातात.