शिळ्या बफरची गोष्ट

परवा मावशीचा बायॉप्सी रिपोर्ट हातात आला. स्तनाचा कर्करोग, आणि खाली एक ओळ : हर-टू, ३+. मावशी म्हणाली, "तू इंजिनिअर ना, सांग बघू याचा अर्थ." आता मी पडलो जावावाला! पण शनिवार-रविवार बसून वाचलं, त्यात ही गोष्ट सापडली.

साल १९७९, कॅलिफोर्नियातली सॉल्क इन्स्टिट्यूट. पेशीत काइनेज नावाची एन्झाइम्स असतात. ती एखाद्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतात आणि त्याचा स्विच ऑन किंवा ऑफ करतात. तोवर अशा जागा दोनच माहीत होत्या : सेरीन आणि थ्रिओनीन ही अमिनो आम्लं. टोनी हंटर या शास्त्रज्ञाने एका प्रयोगासाठी ताजं बफर बनवायचा कंटाळा केला आणि जुनंच वापरलं. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता. नेमकं त्यामुळेच थ्रिओनीनच्या ठिपक्याशेजारी एक वेगळा ठिपका दिसला. टायरोसीन! ताज्या बफरमध्ये दोन्ही एकावर एक पडले असते. १९८० मध्ये कळलं की कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या विषाणूचं 'सार्क' हे प्रथिनही टायरोसीनवरच फॉस्फेट बसवतं.

हर-टू याच खानदानातलं. ते पेशीच्या आवरणावर बसून बाहेरचे निरोप आत पोचवतं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती होत्या, आणि प्रती जास्त तितका रोग लवकर उलटत होता. (आजचा आकडा १५-२० टक्के धरतात.) आमच्या भाषेत सांगायचं तर लूप आहे, पण एक्झिट कंडिशन नाही. 'वाढ, मरू नको, जागा सोड' हाच निरोप सतत चालू. यातला 'जागा सोड' सगळ्यात घातक, कारण जीव जातो तो बहुतेक वेळा स्तनातल्या गाठीने नव्हे, तर हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदूत पसरलेल्या रोगाने.

१९९८ मध्ये हर-टूला बाहेरून पकडणारी अँटीबॉडी, हर्सेप्टिन, अमेरिकेत मंजूर झाली. २०१३ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनच्या तुलनेने स्वस्त आवृत्तीला भारतात परवानगी मिळाली.

मावशीला एवढं सगळं सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे बातमी चांगली की वाईट?"

म्हटलं, "१९९७ साली नुसतीच वाईट होती. आता निदान स्विच कुठे आहे ते माहीत आहे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं बाई, तो माणूस आळशी होता."