रांगकासबितुंग ते पॅसाडीना : 'व्हॅन हेलन'चा वासाहतिक पूर्वेतिहास

'व्हॅन हेलन' या अमेरिकन हार्ड रॉक बँडविषयीचा एक किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो. १९८२च्या दौऱ्याच्या करारपत्रात अशी अट होती, की रंगमंचामागे 'एम अँड एम'च्या गोळ्या ठेवाव्यात. मात्र त्यांत तपकिरी गोळी एकही नसावी. अनेक वर्षे हा कलावंतांचा माज समजला गेला. पुढे १९९७ साली गायक डेव्हिड ली रॉथ याने आत्मचरित्रात खुलासा केला, की वजन आणि वीजपुरवठा यांविषयीच्या तांत्रिक अटी आयोजकांनी खरोखर वाचल्या आहेत की नाही, हे ओळखण्याची ती खूण होती. (खुलासा पंधरा वर्षांनंतरचा आणि खुद्द रॉथचाच आहे, हे साधनचिकित्सा शिकणाऱ्यांनी विसरू नये.) परंतु या बँडचा इतिहास वाचायचा तर गोळ्यांपेक्षा त्याचे नाव अधिक बोलके आहे. ते एका स्थलांतरित कुटुंबाचे आडनाव आहे. आजचा धागा त्या कुटुंबाविषयी.

जावा बेटाच्या पश्चिम भागात रांगकासबितुंग नावाचे गाव आहे. डच वसाहतवादाच्या अभ्यासकांना ते परिचित असते. कारण १८५६ साली तेथे नेमलेल्या एदुआर्द डाउवेस डेकर या अधिकाऱ्याने पुढे 'मुल्तातुली' या टोपणनावाने 'मॅक्स हाव्हेलार' ही कादंबरी लिहून डच राजवटीच्या शोषणावर कोरडे ओढले. एडी आणि ॲलेक्स व्हॅन हेलन यांची आई युजेनिया याच गावची. ती 'इंडो', म्हणजे युरोपीय व इंडोनेशियन अशा मिश्र वंशाची होती. आपल्याकडील अँग्लो-इंडियन समाजाशी तुलना केल्यास या समाजाची कोंडी लवकर ध्यानात येते. राज्यकर्ते त्यांना पुरते आपले मानीत नसत, आणि स्वातंत्र्यानंतर नव्या राष्ट्रालाही ते परके वाटू लागले.

१९४९ साली नेदरलँड्सने इंडोनेशियाचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यानंतरच्या काळात सुमारे तीन लाख लोक नेदरलँड्सला गेले. त्यांतील कित्येकांनी तो देश त्यापूर्वी पाहिलाही नव्हता. यान व्हॅन हेलन हा डच वादक. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा. इंडोनेशियात त्याची आणि युजेनियाची गाठ पडली, विवाह झाला, आणि हे दांपत्य नेदरलँड्सला आले. ॲलेक्सचा जन्म १९५३चा, एडीचा १९५५चा. दोघेही ॲम्स्टरडॅममध्ये जन्मले. युजेनियाच्या वर्णामुळे तेथे कुटुंबाला हीन वागणूक मिळे, असे एडीने पुढे सांगितले आहे. १९६२ साली या कुटुंबाने अमेरिकेची बोट धरली. प्रवासात बापलेकांनी बोटीवर वाद्ये वाजवून चार पैसे मिळवले. जवळ पन्नास डॉलर आणि एक पियानो होता, अशी आठवण एडी सांगत असे.

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे यान सफाई कामगार झाला आणि रात्री लग्नसमारंभांत वाजवू लागला. युजेनिया घरकामे करी. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शाळेत गोरी मुले छळत. पहिले मित्र कृष्णवर्णीय होते, हे एडीनेच नोंदवले आहे. मुलांनी मैफिलीतले पियानोवादक व्हावे, ही आईची इच्छा. एडीला स्वरलेखन वाचता येत नव्हते. तो शिक्षकाची बोटे पाहून आणि कानाने ऐकून वाजवी, आणि तरीही स्पर्धा जिंकी.

१९७४ साली बँडने 'मॅमथ' हे जुने नाव टाकून 'व्हॅन हेलन' हे नाव घेतले. पहिला अल्बम १९७८चा. त्यातील 'इरप्शन' ही १ मिनिट ४२ सेकंदांची गिटाररचना कानाने शिकलेल्या वादकाची आहे. दोन्ही हातांची बोटे गिटारच्या मानेवर आपटून स्वर काढण्याची युक्ती एडीच्या आधीही होती. पण तिचे भाषेत रूपांतर त्याने केले. वाद्यही असेच जमवाजमवीचे : स्वस्तातले सुटे भाग आणून त्याने स्वतः गिटार जोडली होती.

१९८२च्या 'डायव्हर डाउन' अल्बममध्ये यानने एका जुन्या गाण्यात क्लॅरिनेट वाजवले. समीक्षक या अल्बमला दुय्यम लेखतात आणि ते बरोबरही आहे. परंतु मला तोच बँडचा सर्वांत बोलका दस्तऐवज वाटतो. दोन वर्षांनी 'जम्प' हे गाणे अमेरिकेच्या यादीत अव्वल ठरले. त्यात मुख्य वाद्य सिंथेसायझर होते, गिटार नव्हती. बँडमध्ये कीबोर्ड आणण्यास रॉथचा विरोध होता, असे एडी सांगे. हार्ड रॉकच्या चाहत्यांना ही फितुरी वाटली. बोटीतून आलेला पियानो ठाऊक असलेल्याला ती तशी वाटणार नाही.

१९८५ साली रॉथ बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या सॅमी हागारसह केलेले चारही स्टुडिओ अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९९६ साली तोही गेला. मग गॅरी शेरोन आला, एका अल्बमपुरता. पुढे रॉथ परतला खरा, पण २००७च्या दौऱ्यात मायकेल अँथनीच्या जागी बास गिटारवर एडीचा सोळा वर्षांचा मुलगा वुल्फगँग होता. या भांडणांचा दोष सहसा दारूला आणि अहंकाराला दिला जातो. दोन्ही होतेच. तरीही बाहेरून आलेला प्रत्येक जण अखेर पाहुणाच ठरला, याचे कारण मला त्या घराच्या घडणीत दिसते. जावा, हॉलंड आणि कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणी उपरे ठरलेल्या कुटुंबाने विश्वासाचे वर्तुळ लहान ठेवले. अँथनीवर मात्र त्यामुळे अन्याय झाला, हे मान्य करावे लागते.

६ ऑक्टोबर २०२० रोजी एडीचे निधन झाले. त्या नावाने बँड पुन्हा उभा राहिला नाही. २०२४ साली ॲलेक्सचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षक आहे 'ब्रदर्स'.