एक प्रवाह, अनेक प्रेक्षक

१९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबाद येथें विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना चालू असतां हॉटस्टारवर एकाच वेळीं ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते, असें त्या कंपनीनें जाहीर केलें. एवढा समुदाय एकच प्रवाह पाहत होता, असें सहज म्हटलें जातें. परंतु इतिहास पाहतां हा समज खरा ठरत नाहीं.

इंटरनेटची मूळ घडण पत्रव्यवहारासारखी; एकानें दुसऱ्यास पाठवावें, एवढीच. हजार प्रेक्षक आले कीं उगमास हजार प्रती पाठविणें भाग पडे. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठांतील स्टीव्ह डीअरिंग यांनीं उपाय सुचविला. उगमापासून एकच प्रवाह निघावा आणि वाट फुटेल तेथेंच त्याची प्रत व्हावी; कालव्यास पाट फुटावे तसें. १९८९ मध्यें याचे नियम प्रसिद्ध झाले, १९९२ मध्यें ‘एमबोन’ हें प्रायोगिक जाळें उभें राहिलें, आणि नोव्हेंबर १९९४ मध्यें रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या जलशाचा कांहीं भाग त्यावरून दूरदूर पोहोंचला.

ही योजना सार्वजनिक इंटरनेटवर रुजली नाहीं, याचें कारण केवळ यांत्रिक नव्हतें. जाळीं निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीचीं. दुसऱ्याचा पाट आपल्या शेतांतून कां जाऊं द्यावा, आणि त्याचा मोबदला कोणी द्यावा, हें ठरेना. शिवाय मंद व जलद जोडणीच्या प्रेक्षकांस एकच माप पुरेना.

अखेर यश आलें तें साठवणुकीच्या युक्तीस. १९९८ मध्यें एमआयटींतील टॉम लेटन व डॅनियल लुइन यांनीं अकामाई कंपनी स्थापिली आणि गांवोगांवच्या जाळ्यांत मजकुराचीं कोठारें ठेवण्याचा क्रम पाडला. २००९ मध्यें अ‍ॅपलनें चित्रप्रवाहाचे कांहीं सेकंदांचे तुकडे करून तीं साधीं वेबपृष्ठें असावीं तसे मागविण्याची पद्धत आणली. प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार असतो. जोडणीचा वेग पाहून प्रेक्षकाचें यंत्रच पुढचा तुकडा निवडतें. जवळच्या कोठारांत एकदां आलेला तुकडा मग हजारोंच्या उपयोगीं पडतो, आणि उगमावरील भार हलका होतो.

म्हणजे ५ कोटी ९० लाख लोकांनीं एक प्रवाह पाहिला नाहीं. प्रत्येकानें आपापली प्रत, आपापल्या क्षणीं पाहिली. तुकडे भरून घेण्यांत वेळ जातो. म्हणूनच शेजारच्या घरीं दूरचित्रवाणीवर गडी बाद झाल्याचा गलका ऐकूं येतो, तेव्हां आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धांवतच असतो! हा विलंब आम्ही सोसूं. परंतु कोठारांस धनी असतो, आणि असे मोठे धनी जगांत थोडेच आहेत. सार्वजनिक कालवा बांधण्यास आपण एकत्र आलों नाहीं, त्याची ही खरी किंमत होय, असें आम्हांस वाटतें.